‘पहिल्या १० पैकी ७ आमचेच!’ : आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकीचा कसा निघतो?

काही दिवसांपूर्वी माझ्या मामेभावानं व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं. लातूर जिल्ह्यातल्या गावातून नुकताच बीएस्सी झालेला मुलगा. पोस्टरवर टाय लावलेले सात हसरे चेहरे आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं : ‘पहिल्या १० पैकी ७ आमचेच!’ सोबत त्याचा मेसेज होता, "ताई, हा क्लास लावला तर चान्स खूप वाढतो ना? बाबा कर्ज काढायला तयार आहेत."

मी लगेच उत्तर दिलं नाही. गंमत म्हणजे, ज्या परीक्षेसाठी हा क्लास आहे, त्याच परीक्षेत असल्या दाव्यांमधली चूक ओळखायला लावणारे प्रश्न येतात. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर म्हणजे सीसॅट. त्यात ८० प्रश्न आणि २०० गुण. हे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, पण ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेला तरी उमेदवार बाहेर. त्यात एक छोटा उतारा किंवा काही विधानं देतात आणि विचारतात : यातून नेमका कोणता निष्कर्ष काढता येतो? कॅट किंवा क्लॅटसारख्या प्रवेश परीक्षांमध्ये आणि अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठीच्या एलसॅटमध्येही तर्काचे असे प्रश्न असतात.

या प्रश्नांमध्ये सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती शक्यता आणि संख्या यांच्या गोंधळात. परीक्षेबाहेर आपण सगळेच तिथे अडकतो. फरक एवढाच की परीक्षेत अडीच गुण जातात. बाहेर पैसे जातात, वर्षं जातात आणि क्वचित एखाद्याचं स्वातंत्र्यही जातं.

म्हणून या चुका कोणत्या आणि त्या ओळखायच्या कशा, हे एकेक करून पाहू.

चूक १ : संख्या आणि प्रमाण एकच समजणं

आधी परीक्षेत शोभेल असा एक प्रश्न पाहा.

‘एका शहरात वर्षभरात दुचाकींचे ४०० अपघात झाले. त्यातले ३०० दिवसा आणि १०० रात्री झाले. म्हणून या शहरात रात्री दुचाकी चालवणं दिवसापेक्षा सुरक्षित आहे.’ या युक्तिवादात काय चुकलं?

आकडे खरे आहेत असं धरून चालू. ३०० हा आकडा १०० पेक्षा मोठा आहे, यातही वाद नाही. पण दिवसा रस्त्यावर किती दुचाकी असतात आणि रात्री किती? समजा दिवसा ३ लाख फेऱ्या होतात आणि रात्री फक्त २० हजार. मग दिवसा दर हजार फेऱ्यांमागे १ अपघात आणि रात्री दर हजार फेऱ्यांमागे ५. म्हणजे रात्रीचा धोका पाचपट. निष्कर्ष पूर्ण उलटला.

‘किती’ आणि ‘कितीपैकी किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर वरचा आकडा अंश आणि खालचा छेद. फसवा युक्तिवाद आपल्याला अंश दाखवतो आणि छेद लपवतो. बऱ्याचदा तर मांडणाऱ्यालाच छेदाची आठवण नसते.

आता खरं उदाहरण घेऊ. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेचा अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ रोजी लागला. आयोगानं एकूण १,००९ उमेदवारांची शिफारस केली. त्यात ७२५ पुरुष आणि २८४ महिला होत्या. एवढ्यावरून ‘या परीक्षेत मुलांना मुलींपेक्षा जास्त यश मिळतं’ असं म्हणता येईल का?

नाही. निवड झालेल्यांमध्ये पुरुष जास्त आहेत, एवढंच यातून कळतं. परीक्षेला किती पुरुष आणि किती महिला बसल्या, हे माहीत असल्याशिवाय यशाच्या प्रमाणाबद्दल काहीच बोलता येत नाही. बसणाऱ्यांमध्येच मुलींची संख्या बरीच कमी असेल, तर त्यांचं यशाचं प्रमाण मुलांइतकं किंवा जास्तही असू शकतं. मग खरा प्रश्न वेगळाच होतो : मुली परीक्षेपर्यंत पोचतातच किती?

चूक २ : सोयीचा छेद निवडणं

कधीकधी छेद दिलेला असतो, पण तो सोयीचा असतो. हे समजून घ्यायला त्याच २०२४ च्या परीक्षेचे आकडे टप्प्याटप्प्यानं पाहा.

अर्ज केलेले : ९,९२,५९९
पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसलेले : ५,८३,२१३
मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरलेले : १४,६२७
मुलाखतीपर्यंत पोचलेले : २,८४५
अंतिम निवड : १,००९

आता विचारा, ‘या परीक्षेत यशाची शक्यता किती?’

पूर्वपरीक्षेला बसलेल्यांमध्ये मोजलं तर साधारण ५७८ जणांमागे १. मुख्य परीक्षेला पात्र ठरलेल्यांमध्ये मोजलं तर साधारण १४ ते १५ जणांमागे १. आणि मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांमध्ये मोजलं तर जवळपास ३५ टक्के, म्हणजे तिघांमागे एकाहूनही थोडं जास्त.

परीक्षा तीच आणि निवडही त्याच १,००९ जणांची. छेद बदलला की उत्तर ०.१७ टक्क्यांवरून थेट ३५ टक्क्यांवर जातं.

आता क्लासच्या जाहिरातीकडे या. अनेक संस्था मुलाखतीच्या तयारीसाठी सराव मुलाखती घेतात, बऱ्याचदा मोफत. त्यांना येणारे उमेदवार पूर्व आणि मुख्य परीक्षा आधीच पार करून आलेले असतात. संस्थेनं काहीही शिकवलं नाही, तरी त्यातले तीनातले एक जण निवडले जाणारच. एकच उमेदवार चार ठिकाणी सराव मुलाखत देतो आणि चारही पोस्टरांवर त्याचा फोटो झळकतो.

हा केवळ अंदाज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, म्हणजे सीसीपीएनं, यूपीएससीच्या अनेक क्लासेसवर नेमक्या याच कारणासाठी कारवाई केली आहे. जाहिरातीतले बरेच यशस्वी उमेदवार फक्त मुलाखत मार्गदर्शनाला आले होते. जाहिरातीत मात्र ही गोष्ट लपवून दीड-दोन वर्षांच्या महागड्या कोर्सची जोरदार विक्री चालली होती. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणानं कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तोपर्यंत ४५ नोटिसा निघाल्या होत्या आणि १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड झाला होता.

या तत्त्वांनुसार निवड झालेल्या उमेदवाराचा फोटो लावायचा असेल, तर निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. फोटोसोबत त्यानं कोणता कोर्स केला आणि तो पैसे भरून केला का, हेही सांगावं लागतं. थोडक्यात, छेद दाखवा असं सरकारला नियम करून सांगावं लागलं.

चूक ३ : वाक्य उलटं वाचणं

‘पहिल्या १० पैकी ७ आमचे’ हे वाक्य वाचताना डोक्यात नकळत दुसरंच वाक्य तयार होतं : ‘यांच्याकडे शिकणाऱ्या १० पैकी ७ जण पुढे जातात.’ ही दोन वाक्यं एकमेकांपासून कोसो दूर आहेत.

समजा, त्या संस्थेत ७,००० विद्यार्थी आहेत आणि त्यातले ७ पहिल्या दहात आले. मग ‘टॉपरपैकी आमचे’ ७० टक्के, पण ‘आमच्यापैकी टॉपर’ ०.१ टक्के. दोन्ही आकडे खरे. पोस्टरवर कोणता येणार, हे सांगायला नको.

साधं उदाहरण घ्या. राज्यातला प्रत्येक डॉक्टर बारावीला विज्ञान शाखेत होता. म्हणून विज्ञान शाखेतलं प्रत्येक मूल डॉक्टर होतं का? इथे आपण फसत नाही, कारण घरोघरी उदाहरणं आहेत. विषय अनोळखी असला की हाच तर्क गळी उतरतो.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडमधल्या एका खटल्यात दिसलं. सॅली क्लार्क या वकील महिलेची दोन तान्ही मुलं १९९६ आणि १९९८ मध्ये, वर्ष-सव्वा वर्षाच्या अंतरानं दगावली. तिनंच त्यांना मारलं असा आरोप झाला आणि १९९९ मध्ये खटला उभा राहिला. नामवंत बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्ष दिली की, अशा कुटुंबात एका बाळाचा झोपेत अचानक, कारण न कळता मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १ आहे. म्हणून दोन बाळांचा तसा मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. सॅलीला जन्मठेप झाली.

या गणितात दोन चुका होत्या.

पहिली चूक गुणाकाराची. दोन घटना एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तरच त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करता येतो. नाणं दोनदा उडवलं तर दुसऱ्या वेळी काय पडेल यावर पहिल्याचा परिणाम नसतो. पण एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन बाळं नाण्यासारखी स्वतंत्र नसतात. आनुवंशिक दोष किंवा घरातली परिस्थिती दोघांनाही सारखीच असू शकते. एक मृत्यू झालेल्या घरात दुसऱ्याची शक्यता वाढलेली असू शकते.

दुसरी चूक वाक्य उलटं वाचण्याची. ‘आई निर्दोष असेल तर असे दोन मृत्यू होण्याची शक्यता फार कमी’ हे एक वाक्य. ‘असे दोन मृत्यू झाले आहेत, म्हणून आई निर्दोष असण्याची शक्यता फार कमी’ हे दुसरं. दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही. आईनं आपल्या दोन तान्ह्या मुलांना मारणं हेसुद्धा अत्यंत दुर्मीळ असतं. तुलना करायची तर दोन दुर्मीळ शक्यतांची करायला हवी होती. न्यायालयासमोर एकाच बाजूचा आकडा आला.

ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्याला आधार नसल्याचं सांगितलं. पुढे एका बाळाच्या वैद्यकीय तपासणीचे महत्त्वाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते, हेही उघड झालं. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर सॅलीनं तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता. त्यातून ती सावरली नाही. २००७ मध्ये तिचा मृत्यू झाला.

चूक ४ : ‘दुप्पट’ ऐकून घाबरणं

‘अमुक खाल्ल्यानं धोका दुप्पट’ अशा बातम्या तुमच्या फीडमध्ये रोज येत असतील. प्रश्न असा की, दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की, काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. डॉक्टरांना पत्रं गेली, माध्यमांत मथळे झाले. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या.

मूळ आकडे असे होते : जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे साधारण १ जणीला हा त्रास व्हायचा. नव्या गोळ्यांमध्ये ७,००० मागे २ जणींना. म्हणजे ‘धोका १०० टक्क्यांनी वाढला’ हे खरं आणि ‘७,००० मध्ये एकीनं वाढला’ हेही खरं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० जास्तीचे गर्भपात झाल्याचं या प्रकरणाच्या अभ्यासकांनी मांडलं. गर्भारपणात आणि गर्भपातातही गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि तो या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे धोका टाळायला निघालेल्या अनेकजणी जास्त धोक्याकडे गेल्या.

‘आमच्या क्लासमुळे निवडीची शक्यता दुप्पट’ असं कुणी म्हणालं तर हेच गणित करा. हजारात २ चे हजारात ४ झाले, तरी ९९६ जण घरीच येणार.

चूक ५ : ‘शक्यता’ला ‘खात्री’ समजणं

मराठी बातम्यांमधलं एक लाडकं वाक्य आहे : ‘अमुक होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ नीट पाहिलं तर हे वाक्य जवळजवळ काहीच सांगत नाही. उद्या माझ्या घरावर उल्का पडण्याची शक्यताही नाकारता येत नाही. पण हाच मजकूर तीन ग्रुप फिरून येईपर्यंत ‘होऊ शकतं’चं ‘होणार’ होतं आणि शेवटी ‘झालंच समजा’ होतं.

तर्काच्या प्रश्नांमध्ये ही सगळ्यात सामान्य चूक आहे. विधानांमध्ये ‘काही’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असतं आणि निष्कर्षात गुपचूप ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘नक्कीच’ येतं. म्हणून तयारी करणाऱ्यांनी हे शब्द पक्के करून ठेवावेत. ‘काही’ म्हणजे किमान एक. ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘शक्य’ म्हणजे फक्त अशक्य नाही.

या शब्दांवरून खरोखर काय निघतं, हे पाहण्यासारखं आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांना क्रिकेट आवडतं आणि बहुतेक मुलांना गणित आवडतं. मग दोन्ही आवडणारं किमान एक तरी मूल वर्गात असलंच पाहिजे का? हो. १०० मुलं असतील तर किमान ५१ आणि ५१ मिळून १०२ होतात, म्हणजे दोघं तरी दोन्हीकडे आहेतच. हा निष्कर्ष पक्का आहे. पण ‘क्रिकेट आवडणाऱ्या बहुतेकांना गणितही आवडतं’ हा निष्कर्ष निघत नाही. ५१ पैकी दोघांनाच आवडत असू शकतं.

याची उलट बाजूही आहे. मोबाइलवरच्या ॲपनं ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ सांगितली, आपण छत्री घेऊन निघालो आणि थेंबही पडला नाही. लगेच आपण म्हणतो, ‘अंदाज चुकला.’ पण ७० टक्के याचा अर्थ असा की, असे १० दिवस घेतले तर साधारण ७ दिवस पाऊस पडेल आणि ३ दिवस नाही. आजचा दिवस त्या तिनातला असू शकतो. अंदाज बरोबर होता की नाही, हे एका दिवसावरून ठरत नाही. अनेक दिवसांचा हिशेब ठेवला तरच कळतं.

चूक ६ : सरासरीत स्वतःला शोधणं

पावसाचाच विषय निघाला आहे तर शेतकरी घरांसाठी ही चूक महत्त्वाची. एप्रिल २०२५ मध्ये हवामान विभागानं जाहीर केलं की, यंदा मान्सून सरासरीच्या १०५ टक्के राहील, त्यात ५ टक्के कमी-अधिक होऊ शकतं. सोशल मीडियावर याचा अर्थ अनेकांनी ‘पाऊस पडण्याची १०५ टक्के खात्री’ असा लावला.

हा १०५ टक्के शक्यतेचा आकडा नाहीच. शक्यता कधी १०० टक्क्यांच्या वर जात नाही. हा प्रमाणाचा आकडा आहे. देशात जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, त्याच्या १०५ टक्के पडेल, असा त्याचा अर्थ.

आणि तो अख्ख्या देशाचा एकत्र आकडा आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. पण त्याच हंगामात पूर्व आणि ईशान्य भारतात सरासरीपेक्षा साधारण २० टक्के कमी पाऊस पडला, आणि मराठवाड्यात सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्याखाली गेली. ‘देशात पाऊस चांगला’ यावरून ‘माझ्या शिवारात पाऊस चांगला’ असा निष्कर्ष निघत नाही. किती पडला हे कळलं, तरी कुठे आणि कधी पडला हे कळत नाही.

चूक ७ : फक्त जिंकलेल्यांना मोजणं

पोस्टरवर सात चेहरे दिसतात. ज्यांची निवड झाली नाही, त्यांचं पोस्टर कुणी छापत नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून चौथा, पाचवा प्रयत्न करणारी मुलं कुठल्याच जाहिरातीत नसतात.

शेअर बाजाराच्या बाबतीत हेच रोज घडतं. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये एका दिवसात केलेल्या कमाईचे स्क्रीनशॉट टेलिग्रामवर फिरतात. ते खरे असले तरी तोट्याचे स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांचा मिळून हिशेब मांडला, तेव्हा चित्र वेगळं निघालं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या प्रकारात व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला होता.

उरलेले ७ टक्के म्हणजेही लाखो लोक. त्यामुळे फायद्याचे हजारो खरे स्क्रीनशॉट फिरू शकतात आणि तरीही शंभरातले ९३ जण बुडालेले असू शकतात. उदाहरणं भरपूर आहेत, याचा अर्थ शक्यता भरपूर आहे असा होत नाही.

मग आकडा समोर आला की काय विचारायचं?

परीक्षेत असो की फोनवर, हे पाच प्रश्न बहुतेक वेळा पुरतात.

१. कितीपैकी? अंश दिसतोय, छेद कुठे आहे?

२. हाच छेद का निवडला? दुसरा घेतला तर उत्तर किती बदलतं?

३. वाक्य उलटं तर वाचलं नाही ना? ‘टॉपरपैकी आमचे’ आणि ‘आमच्यापैकी टॉपर’ यात गल्लत होत नाही ना?

४. निष्कर्षातला शब्द पुराव्यातल्या शब्दापेक्षा मोठा आहे का? ‘काही’चं ‘सर्व’ आणि ‘शक्य’चं ‘नक्की’ झालंय का?

५. या चित्रात कोण दिसत नाही?

एक सावधगिरी मात्र बाळगा. युक्तिवाद चुकीचा आहे, याचा अर्थ निष्कर्ष खोटाच आहे असा होत नाही. तो क्लास खरंच चांगला असू शकतो. फक्त ‘१० पैकी ७’ या आकड्यानं ते सिद्ध होत नाही. तर्काच्या प्रश्नातही ‘हे विधान खोटं आहे का’ असं विचारलेलं नसतं. ‘दिलेल्या माहितीवरून हे म्हणता येतं का’ एवढंच विचारलेलं असतं. पुरावा कमी पडला म्हणून लगेच उलट बाजूला उडी मारणं, हीसुद्धा तीच चूक आहे.

मामेभावाला मी हे सगळं लिहून पाठवलं नाही. फक्त सांगितलं की, संस्थेला फोन कर आणि तीन गोष्टी विचार. गेल्या वर्षी पूर्ण कोर्सला किती मुलं होती? त्यातली किती मुख्य परीक्षेपर्यंत पोचली? आणि पोस्टरवरच्या सात जणांनी नेमका कोणता कोर्स केला होता? हे विचारणं उद्धटपणा नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर जाहिरातीतच छापलेलं असायला हवं. जाहिरात फसवी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही करता येते.

त्यानं फोन केला. पलीकडच्या माणसानं आधी बॅच भरत आल्याचं सांगितलं, मग सोमवारपर्यंत फीमध्ये सवलत असल्याचं सांगितलं. यानं पुन्हा विचारलं, "सर, कितीपैकी?" तेव्हा उत्तर आलं, "आकडा काढून कळवतो."

याला तीन आठवडे झाले. मामांनी अजून कर्जाच्या कागदांवर सही केलेली नाही. मुलगा परीक्षा देणारच आहे, तो त्याचा निर्णय आहे. पण आता तो जो काही ठरवेल, ते ५७८ मध्ये १ हा आकडा समोर ठेवून ठरवेल. १० पैकी ७ हा आकडा पाहून नाही.